चढउतारांच्या बाजारात संकेतांचे पालन : नियमबद्ध व्यापारपद्धतीची ओळख

शेअर बाजारात खरेदी-विक्रीचा निर्णय घेण्याचे ढोबळमानाने दोन मार्ग आहेत. पहिला मार्ग कंपनीचा ताळेबंद, तिचा व्यवसाय आणि तिचे व्यवस्थापन अभ्यासून समभागाचे मूल्य ठरवण्याचा. दुसरा मार्ग केवळ भावाकडे पाहण्याचा. भाव अमुक पातळीच्या वर गेला की खरेदी आणि तमुक पातळीच्या खाली उतरला की विक्री, असे नियम आधी कागदावर उतरवायचे आणि बाजाराने ती पातळी ओलांडली की मनात काहीही असो, त्याप्रमाणे वागायचे. अशा लिखित नियमांच्या संचाला व्यापारपद्धत किंवा ट्रेडिंग सिस्टीम म्हणतात आणि नियम लागू होण्याच्या क्षणाला संकेत अथवा सिग्नल.

नियम समजण्यास सोपे असतात. कठीण असते ते त्यांचे पालन, आणि तेही बाजार हेलकावे खात असताना. या अडचणीची किंमत किती मोठी असू शकते याची कल्पना सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासावरून येते. २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन आर्थिक वर्षांत फ्युचर्स-ऑप्शन्समध्ये व्यवहार करणाऱ्या एक कोटीहून अधिक व्यक्तींपैकी ९३ टक्के तोट्यात राहिल्या. त्यांचा एकत्रित तोटा १.८ लाख कोटी रुपयांहून अधिक होता आणि तोटा झालेल्यांचे सरासरी नुकसान प्रत्येकी सुमारे दोन लाख रुपये. त्याच अभ्यासातील दुसरी बाजूही बोलकी आहे. २०२३-२४ मध्ये परदेशी संस्थांनी या बाजारात मिळवलेल्या नफ्यापैकी ९७ टक्के आणि स्वतःच्या भांडवलावर व्यापार करणाऱ्या पेढ्यांच्या नफ्यापैकी ९६ टक्के नफा संगणकीय, म्हणजेच आधी ठरवलेल्या नियमांनी चालणाऱ्या व्यवहारांतून आला. यावरून नियम पाळला की नफा निश्चित असा अर्थ काढणे चुकीचे ठरेल, कारण या संस्थांकडे भांडवल, वेग आणि माहिती यांचेही बळ असते. तरीही मनाच्या लहरीवर चालणारा हौशी व्यापारी समोर कोणाशी खेळतो आहे, हे त्यावरून कळते.

कल ओळखण्याची साधने

नियमबद्ध पद्धतींमध्ये सर्वांत जुनी आणि आजही सर्वाधिक वापरली जाणारी पद्धत म्हणजे कलानुसारी व्यापार. भाव एका दिशेने निघाला की तो काही काळ त्याच दिशेने जात राहतो, या गृहीतकावर ती उभी आहे. अमेरिकेतील रिचर्ड डॉन्चियन (१९०५-१९९३) याने विसाव्या शतकाच्या मध्यास तिला शिस्तबद्ध रूप दिले. त्याचा ‘चार आठवड्यांचा नियम’ प्रसिद्ध आहे. भाव गेल्या चार आठवड्यांतील उच्चांकाच्या वर गेला तर खरेदी, नीचांकाच्या खाली गेला तर विक्री. चार आठवडे म्हणजे साधारण वीस व्यवहारदिन. म्हणून आलेखाच्या सॉफ्टवेअरमध्ये ‘डॉन्चियन चॅनेल’ निवडले की वीस हाच आकडा सहसा आधीपासून भरलेला असतो.

चलत सरासरी हे दुसरे परिचित साधन. गेल्या २०० दिवसांच्या बंद भावांची सरासरी रोज नव्याने काढली जाते. निर्देशांक तिच्या वर असेल तर दीर्घकालीन कल तेजीचा, खाली असेल तर मंदीचा मानतात. तिसरे साधन कलाचे नसून अस्थिरता मोजण्याचे आहे. जे. वेल्स वाइल्डर याने १९७८ च्या आपल्या पुस्तकात मांडलेली ‘एटीआर’, म्हणजे समभाग दिवसाकाठी सरासरी किती वरखाली होतो याचे माप. आरएसआय हा बहुचर्चित निर्देशकही त्याच पुस्तकातला.

या साऱ्या साधनांमध्ये एक समान दोष आहे आणि तो जाणूनबुजून स्वीकारलेला आहे. संकेत नेहमी उशिरा येतो. तळ होऊन गेल्यावर खरेदीचा आणि शिखर होऊन गेल्यावर विक्रीचा. वरातीमागून घोडे ही म्हण या पद्धतीला अगदी चपखल बसते. फरक इतकाच की वरात लांबवर जाणार असेल, तर मागून निघालेले घोडेही तिला गाठू शकते.

एकच नियम, दोन पडझडी

हे प्रत्यक्षात कसे घडते हे पाहण्यासाठी डॉन्चियनचा वीस दिवसांचा नियम निफ्टीच्या बंद भावांना लावून पाहता येतो. बंद भाव आधीच्या वीस सत्रांतील सर्वांत खालच्या बंद भावाच्या खाली गेला तर विक्री, सर्वांत वरच्या बंद भावाच्या वर गेला तर पुन्हा खरेदी. दलाली, कर आणि लाभांश येथे धरलेले नाहीत.

२०२० च्या जानेवारीत निफ्टी १२,३६२ वर बंद होऊन उतरू लागला होता. १ फेब्रुवारीला, अर्थसंकल्पाच्या शनिवारी, तो ११,६६१ वर आला आणि सावरला. २७ फेब्रुवारीला तो ११,६३३ वर बंद झाला आणि वीस सत्रांचा नीचांक मोडला. विक्रीचा संकेत मिळाला. त्या दिवशी घसरण फार मोठी नव्हती, करोनाची भारतातील चर्चा अजून दबक्या आवाजात होती आणि ‘घसरणीत खरेदी करा’ हा सल्ला सर्वत्र मिळत होता. पुढे १३ मार्चला बाजार उघडताच दहा टक्के कोसळून व्यवहार ४५ मिनिटे थांबले आणि त्याच दिवशी निफ्टी वाढून बंद झाला. २३ मार्चला तो एका दिवसात सुमारे १३ टक्के घसरून ७,६१० वर आला. नियम पाळणारा या सर्व काळात बाजाराबाहेर होता. खरेदीचा संकेत आला १७ एप्रिलला, ९,२६६ वर. टाळेबंदी चालू होती, कारखाने बंद होते, रोजगाराच्या बातम्या भयावह होत्या. अशा वेळी खरेदी करायला जे धैर्य लागते ते कोणताही आलेख पुरवत नाही. विकलेली वस्तू २,३६७ अंशांनी स्वस्त परत घेण्याची ती संधी होती.

मात्र गोष्ट येथे संपली नाही आणि पद्धती विकणारी मंडळी सहसा पुढचा भाग सांगत नाहीत. १८ मेला निफ्टी ८,८२३ वर बंद झाला आणि पुन्हा विक्रीचा संकेत आला. म्हणजे एप्रिलच्या खरेदीवर ४४३ अंशांचा तोटा. पुढे २ जूनला ९,९७९ वर पुन्हा खरेदी. विकले त्यापेक्षा १,१५६ अंशांनी महाग. २,३६७ अंशांच्या कमाईतील जवळपास निम्मी अशी हातची गेली. उरलेल्या अर्ध्यासाठी आणि जूनमधील त्या खरेदीसाठी, जी सप्टेंबरपर्यंत टिकली व ११,२५० च्या आसपास सुटली, मे महिन्यातील चपराक निमूटपणे खाणे हीच अट होती.

दुसरा प्रसंग लोकसभा निवडणुकीच्या निकालाचा. ३ जून २०२४ रोजी मतदानोत्तर चाचण्यांच्या उत्साहात निफ्टी सव्वातीन टक्क्यांनी वाढून २३,२६३ वर बंद झाला. दुसऱ्या दिवशी मतमोजणीत अपेक्षित आकडे दिसेनात तसा तो १,३७९ अंशांनी, म्हणजे सुमारे सहा टक्क्यांनी कोसळला. बंद भाव २१,८८४. आधीच्या वीस सत्रांतील एकही बंद भाव त्याखाली नव्हता. विक्री. त्यानंतर तीन सत्रांत सरकार स्थापनेचे चित्र स्पष्ट झाले आणि ७ जूनला निफ्टी २३,२९० या तोपर्यंतच्या सर्वोच्च बंद भावावर गेला. खरेदी. चार दिवसांत १,४०६ अंशांचे, म्हणजे सुमारे ६.४ टक्क्यांचे नुकसान, आणि तेही हात जोडून घरी बसलेल्या शेजाऱ्याचे काहीच गेले नसताना.

अशा उलटसुलट फटक्याला बाजाराच्या भाषेत ‘व्हिपसॉ’ म्हणतात, दोन्हीकडून कापणारी करवत. ७ जूनची खरेदी पुढे ५ ऑगस्टपर्यंत टिकली. त्या दिवशी जपानी येनच्या उलाढालीने आणि अमेरिकी मंदीच्या भीतीने जगभरचे बाजार कोसळले, टोकियोचा निक्केई १२ टक्क्यांहून अधिक घसरला आणि निफ्टी २४,०५५ वर येऊन विक्रीचा संकेत मिळाला. हाती ७६५ अंश आले. जूनमध्ये गेलेले भरून निघाले नाहीत. हेही प्रामाणिकपणे नोंदवायला हवे.

कासवांचा प्रयोग

व्यापार शिकवता येतो की तो उपजत गुण असतो, या प्रश्नावर शिकागोतील वायदेबाजारात एक प्रसिद्ध पैज लागली होती. उसनवारीच्या काही शे डॉलरांपासून सुरुवात करून कोट्यधीश झालेला रिचर्ड डेनिस म्हणत होता की शिकवता येतो. त्याचा सहकारी गणितज्ञ विल्यम एकहार्ट याला ते पटत नव्हते. १९८३ च्या अखेरीस डेनिसने वृत्तपत्रांत जाहिरात दिली, निवडक उमेदवारांना सुमारे दोन आठवडे नियम शिकवले आणि आपले भांडवल त्यांच्या हाती सोपवले. सिंगापूरमध्ये त्याने कासवांची पैदास करणारे केंद्र पाहिले होते. व्यापारीही तसेच वाढवता येतील या कल्पनेने या शिष्यांना ‘टर्टल्स’ हे नाव पडले.

त्यांचे नियम पुढे सर्वांना खुले झाले. वीस दिवसांचा उच्चांक मोडला की खरेदी आणि दहा दिवसांचा नीचांक मोडला की बाहेर, किंवा पंचावन्न दिवसांवर आत आणि वीस दिवसांवर बाहेर. प्रत्येक सौद्याचा आकार एटीआरवरून ठरे, जेणेकरून एका सरासरी दिवसाच्या हालचालीने भांडवलाच्या एक टक्क्याएवढाच फरक पडावा. भाव विरोधात दोन एटीआर गेला की तोटा पत्करून सौदा मोडायचा. खाते दहा टक्क्यांनी खाली आले की पुढचे सौदे लहान करायचे.

या प्रयोगात खरे लक्षवेधी काय असेल, तर एकाच खोलीत, एकाच गुरूकडून, तेच नियम शिकलेल्यांचे निकाल परस्परांहून फार वेगळे आले. त्यांपैकी कर्टिस फेथ हा त्या वेळी एकोणीस वर्षांचा होता. सुरुवातीच्या काळात हीटिंग ऑइलच्या वायद्यात मोठी तेजी आली तेव्हा नियमाप्रमाणे पूर्ण सौदे उचलण्याचे अनेकांना धाडसच झाले नाही, असे त्याने २००७ च्या आपल्या पुस्तकात लिहिले आहे. नियम सर्वांना पाठ होते. खुद्द डेनिसही या नियमाला अपवाद ठरला नाही. ऑक्टोबर १९८७ च्या कोसळण्यानंतरच्या काळात त्याने चालवलेल्या सार्वजनिक निधींना जबर तोटा झाला आणि १९८८ मध्ये ते बंद करावे लागले. कासवांपैकी काहींनी मात्र स्वतःच्या पेढ्या काढून पुढे दीर्घकाळ याच धर्तीवर व्यवसाय केला.

ओळीने येणाऱ्या तोट्यांचे गणित

कलानुसारी पद्धतीत दहापैकी सहा सौदे तोट्यात जाणे ही सामान्य गोष्ट मानली जाते. कमाई होते ती उरलेल्या चारांतून, कारण तोटा लवकर तोडला जातो आणि नफा वाढू दिला जातो. सरासरी नफा सरासरी तोट्याच्या तिप्पट असेल तर दहा सौद्यांत चार गुणिले तीन म्हणजे बारा आले, सहा गेले. गोव्याच्या किनाऱ्यावर रापण ओढणाऱ्यांना हे वेगळे समजावून सांगावे लागणार नाही. बहुतेक ओढीत खर्चही निघत नाही आणि एखाद्या दिवशी जाळे ओढवत नाही.

आता याच आकड्यांकडे दुसऱ्या बाजूने पाहावे. प्रत्येक सौद्यात तोट्याची शक्यता ६० टक्के असेल, तर सलग सहा तोटे येण्याची शक्यता सुमारे ४.७ टक्के आहे. नगण्य वाटते. पण शंभर सौद्यांचा पट घेतला तर त्यात कुठेतरी सलग सात तोट्यांची माळ लागणे हेच अपेक्षित असते. पद्धत सुस्थितीत असतानाही हे घडते. पाचव्या तोट्यानंतर ‘आता हिचे दिवस भरले’ असे म्हणून सहावा किंवा आठवा संकेत सोडून देणारा माणूस चूक करतो आहे हे त्या क्षणी कोणालाच सिद्ध करता येत नाही. आणि सोडलेला संकेतच नेमका वर्षाची कमाई देणारा ठरण्याची शक्यता इतर कोणत्याही संकेताइतकीच असते.

याचे बाजारातील ठळक उदाहरण १८ मे २००९ चे. २००८ मध्ये निर्देशांक निम्म्याहून अधिक कोसळला होता. लोकांची उमेद खचली होती. २००९ च्या वसंतात निफ्टी २०० दिवसांच्या सरासरीच्या वर आला तेव्हा ही फसवी उसळी आहे असे मानून अनेकजण बाहेरच थांबले. लोकसभा निकालानंतरच्या त्या सोमवारी बाजार उघडताच वरचे सर्किट लागले, थोड्या वेळाने पुन्हा लागले आणि दिवसभराचे व्यवहार जेमतेम एका मिनिटात आटोपले. सेन्सेक्स २,११० अंशांनी, म्हणजे १७ टक्क्यांहून अधिक वाढला होता. बाहेर उभ्या असलेल्याला आत शिरायला दारच उघडे नव्हते.

म्हणूनच सौद्याचा आकार हा संकेताहून महत्त्वाचा मुद्दा ठरतो, जरी वाचकांचे कुतूहल नेहमी ‘कोणता इंडिकेटर’ याभोवतीच फिरत असले तरी. समजा भांडवल पाच लाख रुपये आहे आणि एका सौद्यात एक टक्का, म्हणजे पाच हजार रुपये गमावण्याची तयारी आहे. समभाग ५०० रुपयांना आहे आणि विक्रीची पातळी ४७५ वर येते. प्रत्येक समभागामागे २५ रुपयांची जोखीम, म्हणून २०० समभाग, एक लाख रुपयांचे. अशा मापाने सलग सात तोटे आले तरी खाते सुमारे सात टक्क्यांनी खाली येते. तेच प्रत्येक सौद्यात दहा टक्के जोखीम घेणाऱ्याचे खाते सात तोट्यांत निम्म्याहून खाली जाते आणि पन्नास टक्के गमावलेल्याला मूळ जागी येण्यासाठी शंभर टक्के कमवावे लागतात. संकेत दोघांनाही तेच मिळालेले असतात.

संकेत पाळणे हाती नसते तेव्हा

स्टॉप लॉस लावला की तोटा त्या पातळीवर थांबतो, हा समज पूर्ण खरा नाही. रात्रीत बातमी आली आणि समभाग ४७५ ऐवजी थेट ४३० वर उघडला, तर विक्री ४३० च्या आसपासच होणार. खालचे सर्किट लागले आणि घेणारा कोणी उरलाच नाही, तर विक्रीची ऑर्डर तशीच पडून राहते. लहान कंपन्यांच्या समभागांत हे दिवसेंदिवस चालू शकते. म्हणून अशा पद्धती निर्देशांकावर आधारित ईटीएफ किंवा भरपूर उलाढाल असलेल्या मोठ्या समभागांपुरत्या मर्यादित ठेवणे शहाणपणाचे.

सर्वांनी एकच संकेत पाळला तर काय होते, याचा धडा १९ ऑक्टोबर १९८७ चा आहे. त्या काळी ‘पोर्टफोलिओ इन्शुरन्स’ नावाची पद्धत मोठ्या संस्थांत लोकप्रिय होती. बाजार जसजसा उतरेल तसतसे वायदे विकायचे, हा तिचा गाभा. त्या सोमवारी सर्वांचे नियम एकाच वेळी विक्री सांगू लागले, विक्रीने भाव उतरले आणि उतरलेल्या भावांनी आणखी विक्री मागितली. डाऊ जोन्स निर्देशांक एका दिवसात २२.६ टक्के कोसळला. अमेरिकी सरकारने नेमलेल्या ब्रॅडी समितीने या यांत्रिक विक्रीवर बोट ठेवले आणि व्यवहार काही काळ थांबवणाऱ्या सर्किट ब्रेकरची कल्पना त्यातूनच रुजली. भारतात निर्देशांकावर आधारित १०, १५ आणि २० टक्क्यांची सर्किट्स २००१ पासून लागू आहेत.

खर्चाचा भागही फार मोठा आहे. व्हिपसॉच्या काळात सौदे वाढतात आणि प्रत्येक सौद्यावर दलाली, मुद्रांक शुल्क, वस्तू व सेवा कर आणि रोखे व्यवहार कर द्यावा लागतो, नफा असो वा तोटा. वायद्यांच्या विक्रीवरील रोखे व्यवहार कर १ ऑक्टोबर २०२४ पासून ०.०१२५ टक्क्यावरून ०.०२ टक्के झाला. समभागांवरील अल्पकालीन भांडवली नफ्याचा कर २३ जुलै २०२४ पासून १५ ऐवजी २० टक्के आहे. कागदावर थोडा नफा दाखवणारी पद्धत या वजावटीनंतर तोट्यात निघणे मुळीच दुर्मीळ नाही.

तयार पद्धतींचा बाजार

संकेत विकणाऱ्यांचा स्वतंत्र धंदा आहे आणि त्याचा मुख्य माल म्हणजे ‘बॅकटेस्ट’, मागील भावांवर चालवून दाखवलेला निकाल. तो तपासताना एक गोष्ट ध्यानात घ्यावी. वीस दिवस नको, सतरा घ्या, सोमवारी खरेदी नको, एटीआर १.८ पट धरा, अशा फेरफारांनी गेल्या दहा वर्षांचा आलेख कितीही देखणा करता येतो. भूतकाळाच्या अंगाबेताने शिवलेला तो सदरा भविष्याला बसेलच असे नाही. विसाऐवजी अठरा किंवा बावीस दिवस धरले तरी निकाल साधारण तसाच राहतो का, हे पाहणे ही त्याची साधी कसोटी. आकडा किंचित हलवताच नफा नाहीसा होत असेल तर ती पद्धत नव्हे, योगायोग.

आज निर्देशांकात असलेल्या कंपन्यांवर जुन्या काळातील चाचणी घेणे ही दुसरी गफलत. बुडालेल्या आणि वगळलेल्या कंपन्या त्यात दिसतच नाहीत.

अशा पद्धतींच्या परताव्याचे दावे करणाऱ्या अनियंत्रित मंचांशी ब्रोकरांनी संबंध ठेवू नयेत, असे परिपत्रक सेबीने सप्टेंबर २०२२ मध्ये काढले. ४ फेब्रुवारी २०२५ च्या परिपत्रकाने किरकोळ गुंतवणूकदारांच्या अल्गो व्यवहारांची चौकट आखली. तीनुसार अल्गो पुरवणाऱ्याने शेअर बाजाराकडे नाव नोंदवायचे असते, प्रत्येक अल्गो ऑर्डरवर बाजाराने दिलेला ओळखक्रमांक असावा लागतो आणि तिची जबाबदारी ब्रोकरवर राहते. नियम उघड असलेल्या पद्धतींना तीत ‘व्हाइट बॉक्स’ म्हटले आहे. ज्यांचे नियम वापरणाऱ्याला दिसत नाहीत त्या ‘ब्लॅक बॉक्स’. त्या पुरवणाऱ्याने सेबीकडे संशोधन विश्लेषक म्हणून नोंदणी करणे आणि पद्धतीचा तपशीलवार अहवाल जतन करणे बंधनकारक आहे. नोंदणीकृत विश्लेषकांची यादी सेबीच्या संकेतस्थळावर नावानुसार पाहता येते आणि सदस्यत्वाचे पैसे भरण्याआधी ती पाहण्यास काहीही खर्च येत नाही.